निपाणीचा काटा, बेळगावचा काटा

माझी थोरली बहीण निपाणीत एकटी राहते. आम्ही घरचे तिला आक्का म्हणतो आणि तिची सगळी गल्लीही आक्काच म्हणते. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीत असतो. आक्कानं उमेदीची वर्षं घरात शिवणाचा क्लास चालवण्यात घालवली आणि निपाणीतल्या कितीतरी पोरी तिच्याकडं ब्लाऊज बेतायला शिकून सासरी गेल्या. मी तिच्याहून बराच लहान. टिळकवाडीत राहतो, बेळगावच्या कोर्टात वकिली करतो.

मागच्या एका पावसाळ्यानंतर आक्काला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावरही. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. मी तिला बेळगावला आणलं. हृदयाची ताकद कमी झालीय असं निघालं. काही दिवस दवाखान्यात ठेवलं, अंगात साठलेलं पाणी औषधानं काढलं आणि माझी बहीण पुन्हा माणसासारखी श्वास घेऊ लागली.

सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "आक्का, आता एक काम तुमच्याकडं. रोज सकाळी वजन करायचं. हृदय कमी जोरानं चालतं तेव्हा अंगात पाणी साठतं. पायाला सूज दिसायच्या आधी ते काट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट बघत बसायचं नाही. फोन करायचा, नाहीतर सरळ यायचं."

"करतो की," आक्का म्हणाली; आमच्या भागातल्या कितीतरी बायका 'करते' न म्हणता 'करतो'च म्हणतात. "त्यात काय अवघड हाय?"

मी तिला काचेचा डिजिटल वजनकाटा घेऊन दिला. ती निपाणीला गेली, रुळली. महिन्याभरानं पुन्हा दाखवायला आली तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजन भरलं एकसष्ट किलो. मी तिला गाडीनं निपाणीला सोडून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "आज साडेअठ्ठावन."

मी हादरलोच. "एका रात्रीत अडीच किलो कुठं गेलं?"

"मला काय ठावं? मी झोपलतो रं."

दोन साक्षीदार वेगवेगळं बोलले की त्यातला एक खोटं बोलतोय, असं धरून चालायची मला कोर्टानं सवय लावलेली. मी म्हटलं, तो काटा खराब आहे, दुकानदाराला परत देऊ. आक्का म्हणाली, "परत कशाला? आधी बाईंना विचारू की."

पुढच्या भेटीत मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं लक्ष न देता आक्काला विचारलं, "इथं वजन केलं तेव्हा किती वाजले होते?"

"दुपार झालती. भावाच्या घरात जेवून आलतो."

"काय जेवलात?"

"भाकरी, झुणका, भात. वर ताक. मग गोळ्यांसाठी पाणी."

"आणि अंगावर?"

आक्कानं स्वतःकडं बघितलं. या भेटीलाही ती मागच्यासारखीच आली होती. जाड काठाची साडी, स्वेटर, वर शाल, आणि कमरेला खोचलेला बटवा, त्यात घराच्या किल्ल्यांचा जुडगा. डॉक्टरीणबाईंनी तिला आधी तशीच काट्यावर उभी केली. मग शाल, स्वेटर, बटवा खुर्चीवर ठेवायला लावून पुन्हा उभी केली. एक किलोच्या वर फरक पडला. आक्का इतकी हसली की नर्सही हसायला लागली.

"बाकीचा फरक जेवणाचा आणि पाण्याचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर, लघवी-संडास करून आल्यावर माणूस सगळ्यात हलका असतो. दिवसभर खातो, पितो, तसा जड होतो. आणि थोडा फरक दोन काट्यांचा. कुठलेही दोन काटे अगदी एकसारखं दाखवत नाहीत. घरातला काटा कशावर ठेवलाय?"

"जाजमावर."

"मऊ जागेवर तो चुकतो. कडक, सपाट फरशीवर ठेवा. आणि इथला आकडा घरच्या आकड्याशी ताडून बघू नका. घरचा कालचा आणि घरचा आजचा, एवढंच बघायचं. आकडा किती आहे यापेक्षा तो कसा सरकतो ते मला पाहिजे."

मी मान हलवली आणि खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलो. आक्का विसरली नाही. तिनं काटा उचलला आणि घरभर जागा शोधत फिरली. स्वयंपाकघरातली फरशी मोरीकडं उतरती, तिथं काटा डुगडुगला. मागच्या सोप्यात एक शहाबादी फरशी मात्र चांगली बसलेली होती. तिथं तिनं काटा ठेवला आणि शिवणाच्या खडूनं त्याच्याभोवती चौकट आखली. एक जुनं, विरलेलं सुती पातळ वजनासाठी वेगळं काढलं. सकाळी उठायचं, संडासला जाऊन यायचं, ते पातळ नेसायचं, काट्यावर उभं राहायचं आणि मगच चहा ठेवायचा. पाऊस असो, पाहुणे असोत. मग मला फोन. माझी सकाळच तिच्या आकड्यानं सुरू व्हायची.

गल्लीतल्या बायकांना काट्याची बातमी लागायला वेळ लागला नाही. दुपारी कुणी ना कुणी वजन करायला यायची. आक्का त्यांना काट्यावर चढू द्यायची नाही. "सकाळी ये गं, चहाच्या आधी. आत्ता केलंस तर तुझं जेवण मोजल्यागत हुतंय." एक शेजारीण भिंतीला हात टेकून हलकी व्हायची, तिला आक्कानं सोप्याच्या मधोमध उभं केलं. मी एकदा मुक्कामाला गेलो तेव्हा सकाळी तीन बायका रांगेत बसलेल्या, आणि मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं, हे डॉक्टरीणबाईंचं सांगणं आक्का त्यांना समजावत होती.

पण मिठानं तिलाही गाठलंच. चिकोडीला नात्यातलं लग्न होतं. चार दिवस ती तिथंच राहिली. पंगतीत लोणचं, पापड, आमटी. कुणी आग्रह केला की तिला नाही म्हणवत नाही. परत आली त्या सकाळी तिनं फोनवर सांगितलं, "साठ सातशे." नेहमीचा आकडा साडेअठ्ठावनच्या आसपासचा. मी म्हटलं, लग्नाचं जेवण अंगाला लागलं असेल.

"जेवणानं एवढ्यात एवढं न्हाय वाढत रं. पाणी हाय हे. मी येतो."

मी गाडी घेऊन येतो म्हटलं, पण ती थांबली नाही. मिळाली त्या बसनं आली. मी स्टँडवर गेलो तर तिच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत तो काटा, टॉवेलात गुंडाळलेला.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसले होते. नर्सनं "बर्री आक्का, बर्री" असं कन्नडमधून "या, या" म्हणत तिला दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं. एकसष्ट. डॉक्टरांनी मागचे कागद बघितले. तिथंही एकसष्ट. "वजन तर वाढलेलं नाही," ते म्हणाले. मला बरंच वाटलं. मी उठायच्या बेतात होतो.

आक्का जागची हलली नाही. "सर, तवा मी दुपारी जेवून आलतो. अंगावर शाल, स्वेटर, किल्ल्या. आज उपाशी आलोय, रक्त घेतील म्हणून. अंगावर हे पातळ तेवढं. मग आकडा खाली यायला पाहिजे का न्हाय?"

आक्कानं पिशवीतून काटा काढला आणि दवाखान्याच्या फरशीवर ठेवला. "हलवल्यावर पहिला आकडा ह्यो चुकीचा दावतोय," म्हणत ती एकदा चढली, उतरली, काट्यावर शून्य येईपर्यंत थांबली आणि पुन्हा चढली. साठ आणि वर सातशे ग्रॅम.

"घरी लग्नाआधी काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडेअठ्ठावन. रोज सकाळी. शे-दोनशे इकडं तिकडं."

त्या तरुण माणसाचं मला कौतुक वाटलं ते इथं. बाहेर पेशंटची रांग होती. पण ते खुर्चीतून उठले, तिच्या पायापाशी खाली बसले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "रात्री उशी वाढवलीत का?" "कालपासनं," आक्का म्हणाली. हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, रक्त तपासायला घेतलं, लघवीच्या गोळीचा डोस वाढवून दिला आणि दोन दिवस बेळगावातच राहा म्हणाले. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "यांनी आणखी दोन-चार दिवस घरी काढले असते तर दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. बऱ्या वेळेला आल्या."

त्या रात्री माझ्या बायकोनं सगळ्यांसाठीच बिनमिठाची आमटी केली. आक्का म्हणाली, "माझ्यापायी पोरांचं तोंड कशाला बेचव करतीस?" पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं. आमच्याकडच्या हॉलमध्ये तिनं काट्यासाठी जागा शोधली, फरशीवर बोटानं टिचक्या मारून. तिसऱ्या दिवशी आकडा एकोणसाठवर आला. एका उशीवर झोप लागली. आठवड्यानं ती निपाणीला परत गेली.

मी आयुष्यभर हुशार माणसं बघितली. कोर्टात रोज बघतो. पण ऐकलेली गोष्ट नीट समजून घ्यायची, ती आपल्या घरात, आपल्या फरशीवर बसवायची आणि कुणी बघत नसताना रोज तशीच पाळायची, हे मला आक्काइतकं जमलेलं माणूस दुसरं आठवत नाही. दवाखान्यात ती भांडली नाही, आवाज चढवला नाही. दवाखान्याचा काटा बघून डॉक्टरांनी वजन वाढलं नाही म्हटलं तेव्हा मी सुटलो म्हणून उठायला निघालो होतो. ती बसून राहिली. तिला तिचं अंग ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला तसाच त्रास सुरू झाला. त्याची सून आक्काकडं काटा मागायला आली. "रोज सकाळी त्याला त्याचाच काटा पाहिजे," म्हणत आक्कानं दिला नाही. तिच्याबरोबर बाजारात जाऊन तिला नवा घेऊन दिला, आणि मग त्यांच्या घरी जाऊन दोघी मिळून सपाट फरशी शोधत बसल्या.