खंडेनवमीचं कुंकू

माहीम मागे पडलं, पानवेलींचे मांडव सुरू झाले, तशी रंभाबाईची चाल मंदावली. पालघरहून ती आणि जागृती उजाडायच्या आत अनवाणी निघाल्या होत्या. नवरात्रातल्या अष्टमीला केळव्याच्या शितळादेवीला चालत जायचं, हा त्यांचा नेम जागृतीच्या लग्नाच्याही आधीचा.

"दमलात काय ताई? बसू या?"

"मी कशाची दमते! कंपनीच्या एसी बसमध्ये बसणारीनं दमावं. आम्ही टमटमला लोंबकळणारी माणसं."

"झालं सुरू! देवीच्या वाटेवर तरी माझ्या बसला नावं ठेवू नका."

रंभाबाई दमली नव्हतीच. वाडीतल्या म्हाताऱ्याकडून तिनं एक विड्याचं पान मागून घेतलं, पदराच्या टोकात जपून बांधलं आणि पुन्हा चालायला लागली. कशाला हवं, ते बोलली नाही.

ती मूळची पारनेरकडची. नवरा चंद्रभान वीज केंद्राच्या बांधकामावर ठेकेदाराकडे लागला, त्याच्यामागं ही बोईसरला आली आणि तारापूरच्या एका धाग्याच्या कंपनीत पुठ्ठ्याच्या कोनांवर धागा भरायच्या मशीनवर उभी राहिली. जागृती माहीमच्या कोळीवाड्यातली. तोवर तिचे हात बोंबील वाळत घालण्यात गेलेले. कंपनीतल्या पहिल्या दिवशी धागा तुटतच राहिला आणि ती रडायला लागली, तेव्हा शेजारची रंभाबाई म्हणाली होती, "जाळी विणणाऱ्याच्या पोरीला गाठ येत नाही? बापाला बुडवशील की गं समुद्रात!" मग तिचा हात हातात धरून बारीक, दिसणार नाही अशी गाठ तिनं शिकवली.

जागृती बारावी झालेली, म्हणून पुढं तिला धागा तपासायच्या खोलीत घेतलं आणि कायम केलं. रंभाबाई ठेकेदाराकडेच राहिली. ठेकेदार बदलला की नवं कार्ड, नवी भरती. "कंपनीत सगळ्यात जुनी मी," ती हसून म्हणायची, "अन् कार्डावर कायम नवी नवरी." नंतर परदेशी मालक आले. संडास स्वच्छ झाले, तोंडाला मास्क मिळाले. रंभाबाई हे चांगलं आधी सांगायची. कॅन्टीनमध्ये कायमच्यांना एक अन् ठेक्याच्यांना एक अशा दोन खिडक्या झाल्या, ते मागून. धागा मात्र एकाच खोक्यात भरून जहाजावर चढत होता.

वाटेत दोघींना जुनी खंडेनवमी आठवली. तेव्हा अख्खी शेड धुऊन निघायची. मशीन बंद पडल्यावर कानाला ती शांतता कशी गोड लागायची! झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, घरची पोरंबाळं. तेव्हाच्या शेठची म्हातारी आई येऊन प्रत्येकीला हळदीकुंकू लावायची. ही कुणाची अन् ती कुणाची, असं विचारायची नाही.

"तुमची स्वरा लहान होती, आठवतं?" जागृती म्हणाली. "मशीनला जिलबी भरवली होती!"

"म्हणे, आई, हिला भूक लागत नाय का? दसऱ्यानंतर मी मुंग्या झाडतेय अन् सुपरवायझर माझ्यावर ओरडतोय." रंभाबाई पोट धरून हसली.

उद्या खंडेनवमी. पूजा आता वरच्या हॉलमध्ये, फक्त कंपनीच्या माणसांसाठी. ठेकेदाराच्या माणसांना सुट्टी. आणि दसरा झाला की जुनी मशीन भंगारात जाणार, परदेशातून आपोआप चालणारी येणार; ठेक्याच्या बायकांची गरज संपली. रंभाबाईला शेजारच्या पास्थळला पॅकिंगचं काम मिळालं होतं, पोटाची चिंता नव्हती. पण मशीनला शेवटचा हात लावायचा राहून गेला होता. सुट्टी लागली तेव्हा कुणी सांगितलंच नाही, की हीच शेवटची पाळी.

"मी साहेबांना विचारलं, ताई. म्हटलं, पाच मिनिटं आत सोडा. ते म्हणतात, कार्ड बंद झालंय, गेटवर घेणार नाय."

"साहेबाचं काय चुकलं? त्याच्या डोक्यावरही साहेब आहेत. ते साता समुद्रापलीकडं."

देवळात गर्दी होती. जागृतीनं ओटी भरली, मुलासाठी मागितलं, घरासाठी मागितलं. रंभाबाई नव्या कामाला यश मागत असेल, असं तिला वाटलं. डोळे उघडून बघते तर रंभाबाईनं पुजाऱ्यासमोर विड्याचं पान धरलेलं, आणि तो देवीच्या पायांवरचं कुंकू त्यात घालत होता.

बाहेर सुरूच्या झाडाच्या सावलीत बसून रंभाबाईनं पानाची घडी केली, वर दोरा गुंडाळला आणि तीच बारीक गाठ मारली. मग ती पुडी जागृतीच्या हातात ठेवली.

"तुझ्या खोलीतून शेडमध्ये दार उघडतं ना? उद्या माझ्या मशीनला हे कुंकू लावशील?"

"उघडतं. पण आत जायला मनाई हाय, ताई."

"माहीत आहे मला. तुला जमलं तर बघ, नाही तर देवीला ठाऊक आहे." तिनं जागृतीची मूठ पुडीवर मिटवली. "आणि हे बघ जागे, तशीच घाईनं लावू नको. आधी पदरानं मशीनवर बसलेली रुई पूस. रुईवर कुंकू बसत नाही, गळून पडतं. पुसून घे, मग लाव. एवढं करशील माझं?"