सातच्या घरातले चिंचोके

पोळ्याच्या करीची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची, ती केस अजून माझ्या मनातून जात नाही. करीला आमच्या नागपुरात भल्याभल्यांचे हात जुगाराला शिवशिवतात. गिरण्या जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. मी महालातल्या ठाण्यात फौजदार होतो. शिक्षण चौथी, पण शिपायापासून चढत आलेला.

खबर आली, एका गल्लीत दोन फाशांचा पट मांडला आहे. पटावर दोनपासून बारापर्यंत घरं. फाशांची बेरीज येईल ते घर जिंकणार, जिंकल्यावर मिळणारा भाव सगळ्या घरांना एकच. धाड घातली तेव्हा लोक एका गिरणी कामगाराला बदडत होते. तो कायम सातच लावायचा आणि जिंकायचा. फासे खोटे, पटवाल्याशी संगनमत, अशी फिर्याद झाली. फासे पंचांसमोर सीलबंद केले. नुसत्या जुगाराला दंड भरून तो सुटला असता. फसवणुकीचं कलम लागलं तर नोकरी जाणार होती.

"सातच काहून गा?"

"सात लय येते, साहेब."

"अकरा घरं आहेत. सगळ्याईची पाळी सारखीच. तुले एकट्यालेच सात पावते काय?"

"मी पाहून पाहून लावतो. फाशाले हात नाही लावला. गिरणीतून नाव कटन माझं, साहेब!"

दुपारभर विचारलं. खोटं बोलणारा दरवेळी गोष्ट सजवतो. हा तेवढंच सांगत राहिला. तरी मी अडून बसलो. अकरा घरं म्हणजे सारखी पाळी.

आमच्या हवालदाराची मुलगी कॉलेजात गणित शिकवायची. बापाचा डबा घेऊन आली होती. माझं बोलणं ऐकून म्हणाली, "काका, पाळी सारखी नसते."

"तू मले शिकवून राहिली काय वं?"

"त्याचाच तर पगार भेटते मले."

तिनं पोलीस लाइनीतून लुडोचे दोन फासे आणवले, एक लाल, एक पांढरा. "दोन यायले दोन्हीवर एक-एकच पडला पाहिजे. रस्ता एक. सात यायले लालवर काहीही पडो, पांढऱ्यावर त्याचा जोडीदार असतेच. रस्ते सहा. नियम सोपा आहे. घर सातापासून जितकं दूर, तितके सहातून कमी करा. लालचे सहा, पांढऱ्याचे सहा, सहा सक छत्तीस; म्हणून सगळ्या घरांचे रस्ते जोडून छत्तीस भरले पाहिजेत, ना कमी, ना जास्त."

मी हट्टी. बोटांवर स्वतः जोडले. छत्तीस भरले. तरी समाधान होईना. टेबलावर खडूनं घरं आखली आणि शिपायांना फासे टाकायला बसवलं. दर वेळी आलेल्या घरात एक चिंचोका. संध्याकाळी पाहतो तर मधे सातवर ढीग आणि दोन्हीकडे उतार. दोन आणि बाराची घरं जवळजवळ उघडी.

मग वरिष्ठांची परवानगी काढून, पंचांसमोर जप्तीच्या फाशांचं सील तोडलं. त्यांनीही तसाच डोंगर उभा केला. फासे खरे होते. फसवणुकीचं कलम मी खोडलं.

कामगार माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, "मले नोको, तिले हात जोड."

ती म्हणाली, "हात राहू द्या, दादा. काका, लुडोचे फासे तेवढे द्या, लाइनीतले पोट्टे रडून राहिले."

चौथी शिकून फौजदार झालो, याचा मला आजही ताठा आहे. पण त्या पोरीचे उपकार मी मानतो. तिच्यामुळे एका निर्दोष माणसाची भाकरी माझ्या हातून गेली नाही. पुढे कोणी म्हणालं, "साहेब, हे इतक्यांदा आपोआप होतच नाही," की कागदाला हात लावण्याआधी मी विचारायचो, "थांब गा. ते व्हायले रस्ते किती आहेत, ते आधी पाहू."