सुतकातले डबे

थंड डब्यातलं जेवण मला पहिल्यापासून किळसवाणं वाटतं. बर्फात मढं ठेवतात, जेवण कशाला ठेवायचं? असं मी बायकोला तोंडावर बोललो होतो. तिने ऐकलं नाही. तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं आणि मला साधा भातही धड येत नाही. म्हणून दवाखान्यात जायच्या आधी तिने बसत उठत स्वयंपाक केला आणि फ्रीजर भरला. चिठ्ठ्या वाचायचा मला कंटाळा, म्हणून भाजीच्या जुड्यांची रबरं डब्यांना लावली. लाल सकाळचं, हिरवं रात्रीचं.

"खालून काढत या. आणि नाक मुरडू नका."

ती दवाखान्यातून घरी आली ती अंगणात ठेवायलाच.

जाळून आल्यावर चांदीपला दिलेली माझी मोठी बहीण कामाला लागली. आमच्यात घरात मयत झालं की शिजवलेलं अन्न टाकतात, भरलेलं पाणी ओततात. ते मलाही मान्य. मुलीने केलेला भात गेला, आमटी गेली. मग तिने फ्रीजर उघडला.

माझी मुलगी बोलली, "आत्या, ते बर्फातलं आहे. खराब नाही होत."

"खराब कोन बोलतंय? शिजवनारी गेली. ते पोटात घालायचं नाय."

निम्मे डबे तिने मागच्या वाडीत उपडे केले. मी जाऊन बघितलं. वालाची उसळ केळीच्या बुंध्याशी विटेसारखी पडलेली, कडेने पाणी सुटलेलं, आणि कुत्रा ती चाटत होता. मी त्याला हाकललं. आत येऊन मी फ्रीजला पाठ लावून उभा राहिलो.

"ताई, आल्यापासून चहावर चहा ढोसतेस. दूध कुठलं? ह्याच फ्रीजमधलं."

"दूध म्हंजे काय जेवन हाय?"

"तिनेच जायच्या आधी तापवून बर्फात ठेवलेलं. तेव्हा नाही आठवलं?"

जमलेल्या बायकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. ताई भडकली. "खा मग, खा! मी ह्या घरात पानी पिनार नाय."

"नको पिऊ."

तेरावं झालं, पाव्हणे गेले, शेजाऱ्यांचे डबे बंद झाले. मग मी बायकोचे काढले. लोक बोलायचे, तिच्या हातची शेवटची चव, जपून खा. कसली चव! बटाटा चावला की पाणी सोडायचा. कोळंबी रबरासारखी. वाल असोत की आमटी, वास एकच, फ्रीजचा. तिच्या हातचं गरम जेवण मी जन्मभर जेवलोय, हे ते नव्हे. वरचे लाल रबरांचे डबे ताईने उडवलेले, त्यामुळे हिरवी रबरंच जास्त उरली. रात्रीचं सकाळीही खाल्लं. पण खाल्लं.

शेवटचा डबा गरम केला तेव्हा मुलगी गोखिवऱ्याहून आली होती. मी नाक दाबून घास गिळत होतो. ती बोलली, "बाबा, नाही जात तर टाका ना. आईला काय कळणार आहे?"

"आईचं सोड. टाकलं तर तुझ्या आत्याचं खरं होईल," मी बोललो आणि डबा पुसून खाल्ला.