मेणा उचलायला चौथा माणूस

गेल्या रविवारी पालघरजवळ एका लॉनवर लग्नाला गेले होते. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहून टाकते...

नवरी केतकी. बोईसरला आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, मी तिथेच नर्स. एकदा आमच्या पाड्यावर येऊन बाबांनी काढलेले ताडगोळे पोटभर खाऊन गेली होती, त्यामुळे पत्रिका देताना 'काकांना आणायचंच' असा दमच दिला होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून निघालो.

गेटवरच एक मेणा ठेवलेला. नवरदेवाच्या घराण्याचा, पिढ्यान् पिढ्या जपलेला... शिसवी दांडा, टोकांना पितळेची वाघाची तोंडं, आत लाल मखमल. एके काळी या भागातली कितीतरी जमीन आणि जंगलाचे ठेके या घराकडे होते. नवरी त्या मेण्यातून मंडपात येणार होती.

आणि उचलायला वारली माणसं! कमरेला लंगोटी, उघड्या अंगावर पांढऱ्या रंगाने काढलेली चित्रं... तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं, सगळं पाठीवर. लग्नाची थीम म्हणे. आमच्या वारल्यांत लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहितात, देवीसाठी. इथे भिंत म्हणून माणसांची पाठ वापरली होती.

नवरदेवाचे काका माईकवर सांगत होते, "आमच्या पणजोबांना हे आदिवासी लोक याच मेण्यातून गावोगाव न्यायचे. फार प्रेम होतं हो त्यांचं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेम? माझा आजा असाच एका सावकाराचा मेणा वाहायचा. वेठीला. नाही म्हटलं तर पाठीवर चाबूक. त्याच्या खांद्याची कातडी बैलाच्या मानेसारखी टणक झाली होती, लहानपणी मी हात लावून पाहिली आहे.

मी बाबांना आत चला म्हणणार, इतक्यात इव्हेंटवाला धावत आला. चौथा माणूस आलाच नव्हता. एवढ्या पाहुण्यांच्या गर्दीतून त्याची नजर नेमकी बाबांवर थांबली.

"काका, तुम्ही इकडचेच ना? शर्ट काढा, पटकन पेंट मारतो. दोन मिनिटांचं काम आहे."

पाहुणा म्हणून आलेल्या माझ्या बापाला! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला.

"माझ्या बापाला कोनी इचारलं नव्हतं," ते त्याला म्हणाले. "तू इचारलंस, म्हनून सांगतो... नाय."

"अहो, फक्त शूटपुरतं..."

"नाय सांगितलं ना."

आवाज जराही चढला नव्हता. पण मेण्यापाशी उभ्या असलेल्या तिघांनी ऐकलं. त्यांच्यातला एक जण नळावर गेला आणि अंगावरचा रंग धुवायला लागला. मग दुसरा. मग तिसराही.

नवरदेवाचे काका माईक सोडून तावातावाने आले. "ही आमच्या घराण्याची परंपरा आहे!"

आता मात्र मला राहवलं नाही. "परंपरा तुमच्या घरची आहे ना? मग खांदेपण तुमच्याच घरचे लावा!" शेरवानीतले पुतणे-भाचे तिथेच उभे होते. एकही पुढे आला नाही...

आरडाओरडा ऐकून केतकी बाहेर आली. काय झालं ते मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग शालू वर धरून ती सरळ मंडपाकडे चालत निघाली. जाताना बाबांना एवढंच म्हणाली, "काका, जेवल्याशिवाय जायचं नाही."

मला तिथे पाणीसुद्धा नको होतं. बाबा म्हणाले, "आमंत्रण हाय आपल्याला. कशाला जायाचं?" आणि नळावरून आलेल्या तिघांनाही हाक मारून त्यांनी आमच्याच टेबलावर बसवलं. आपापले शर्ट घातलेले, केस ओले. वाढपी घुटमळला. "वाढ रे, पाहुनं हायत," बाबा म्हणाले, आणि त्याने वाढलं.

केतकीच्या सासरी अजून राग आहे म्हणे. असू दे. माझाही गेलेला नाही... पण त्या तिघांना आपल्या शेजारी बसवून सावकाश जेवणारा बाप मला मिळाला, हे किती मोठं आहे!