कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे

सहलीच्या यादीत एकोणीस नावं होती आणि सतरा नावांपुढे खूण झाली होती. राहिली दोन. मिस्त्री आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. त्या दोन नावांपुढे मिस्त्रींनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘नंतर सांगतो’. सहल रविवारी होती आणि आज सोमवार होता.

आमचं वर्कशॉप लिफ्ट दुरुस्तीचं. डिप्लोमा संपवून मी तिथे लागले त्याला दोन वर्षं झाली. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं, आणि तेव्हापासून मी डिप्लोमा. “डिप्लोमा, पाना दे.” “डिप्लोमा, दोर मोजलास का?” सहल ठरवायचं कामही असंच माझ्या गळ्यात पडलं. मोबाईलवर सगळं जमतं म्हणे तुला, मग तूच बघ.

मी डोंगरातलं एक खोरं निवडलं. चारी बाजूंनी डोंगर, मधून नदी, नदीच्या दोन्ही काठांना या दिवसांत गुडघाभर फुलं. तिथे जायला दोनच वाटा. एक खिंडीतून, तीन तासांची चढण. दुसरी रोपवे, नऊ मिनिटांची.

काकूंना खिंड चढणं शक्य नव्हतं. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. या वर्षी हातात काठी आली होती, पुढच्या वर्षी काय येईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. आणि त्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या भिंतीवर अकरा वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर होतं. तारखा कधीच निकामी झाल्या होत्या. पण चित्र त्याच खोऱ्याचं होतं, म्हणून पान उलटलं नव्हतं. मी खोऱ्याचं नाव घेतलं तेव्हा काकू पोळी तव्यावर टाकून भिंतीकडे बघत राहिल्या आणि पोळी करपली. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तक्रारीच्या सुरात सांगितलं.

म्हणजे गोष्ट सरळ होती. मिस्त्री रोपवेला हो म्हणाले तर काकू खोरं बघणार. नाही म्हणाले तर कॅलेंडर आहेच.

आणि मिस्त्री हो म्हणत नव्हते.

“काका, तुमच्या समाधानासाठी तपासणीची पानं मागवलीत,” मी म्हटलं आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. रोपवेच्या ऑफिसने नोंदवहीच्या बारा महिन्यांच्या पानांचे फोटो पाठवले होते. दोर, चाकं, ब्रेक, पाळण्यांची दारं, सगळ्यांपुढे तारीख आणि सही.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “शाई बघ.”

“शाईचं काय?”

“बारा महिने एकाच पेनाची शाई. आपल्या वहीत बघ. निळी, काळी, मधेच हिरवी, एकदा तर पेन्सिल. खरी वही अशी असते. ही एका बैठकीत बसून भरलीय.”

शेजारी आमचा वायरमन मोटर उघडून बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही लग्नात मुलीची पत्रिका बघितली होती की नट-बोल्ट?”

“दोन्ही ढिले नव्हते, म्हणून तर टिकलंय.”

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

ते का हसले नाहीत, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी ते आणि काकूंचा थोरला भाऊ एका उंच इमारतीत लिफ्टचं काम करत होते. मिस्त्रींना हे काम शिकवलं ते या मेहुण्यानेच. मेहुणा लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला होता. उतरण्याआधी त्याने मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावलं होतं. आमच्या धंद्यात हाच नियम. जो आत जातो त्याचं कुलूप स्विचवर, किल्ली त्याच्या खिशात. तो बाहेर आला की त्यानेच काढायचं. मिस्त्री खाली बोल्ट आणायला गेले होते. वर रहिवाशांचा गलका चाललेला. वॉचमनने हातोडी घालून कुलूप तोडलं आणि स्विच चालू केला. नंतर तो म्हणाला, “मला वाटलं कुणीतरी विसरून गेलं.”

मेहुण्याचा उजवा हात खांद्यापासून गेला.

तेव्हापासून मिस्त्रींच्या कमरेच्या पट्ट्याला पितळी कुलूप. रोज सकाळी काम वाटण्याआधी ते आमच्याकडून एकच वाक्य म्हणून घ्यायचे. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. कधी कंटाळून कुणी म्हणालं, “पण खरंच कुणी विसरलं असेल तर?” तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “कुलूप कुणी विसरत नाही. विसरला असं वाटणारे असतात.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मिस्त्री तर समोर पाणी ठेवलं तरी फुंकले असते. दुसऱ्याच्या मशिनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मी शेवटचं विचारलं. “काका, बुधवारपर्यंत तिकिटांचा आकडा कळवायचाय. काय लिहू?”

“उद्या मला सुट्टी आहे,” ते म्हणाले. “जाऊन बघून येतो.”

“कुठे?”

“तुझ्या रोपवेला. फोटोवरून मी बायकोला दोरावर टांगणार नाही.”

मी ऑफिसला फोन लावून दिला. पलीकडे तिथला मुख्य चालक होता. त्याने राग मानला नाही. म्हणाला, “येऊ द्या. दुपारी दोनला आम्ही तासभर बंदच ठेवतो, तेव्हा वर चढून बघतील.”

मंगळवारी पहाटेच्या बसने मिस्त्री गेले. मी दिवसभर वर्कशॉपमध्ये मोबाईलकडे बघत होते. वायरमन म्हणाला, “इतकी वाट तर निकालाची बघितली नव्हती मी.”

“तुमचा निकाल आधीच ठाऊक असेल.”

“तेही खरंच.”

साडेपाच वाजता फोन वाजला. मिस्त्रींचा नव्हता. रोपवेचा मुख्य चालक बोलत होता आणि त्याचा आवाज कालच्यासारखा मोकळा नव्हता.

“मॅडम, तुमचे मिस्त्री तिकडे पोहोचले का?”

“इतक्यात कसे पोहोचतील? का?”

“त्यांचं कुलूप आमच्या मेन स्विचवर आहे. अडीच वाजता वर चाकापाशी चढले, तेव्हा लावलं होतं. माझा माणूस त्यांच्याबरोबर होता, तो जरा पाण्याला म्हणून खाली आला. परत गेला तर ते दिसले नाहीत. फोन लागत नाही.”

त्या जागेचे फोटो मी पाहिले होते. वर मोठं चाक, त्याखाली मशिनचा खड्डा, त्याच्या बाजूला दरी. “म्हणजे... ते आत असतील?”

“तेच शोधतोय. खड्डा दोनदा बघितला. आता दरीच्या बाजूला दोघं उतरलेत.”

“आणि रोपवे?”

“बंदच आहे. तीनला सुरू करायचा होता. पलीकडे खोऱ्यात बेचाळीस माणसं अडकलीत.”

मी वर्कशॉपमधून निघाले ती थेट मिस्त्रींच्या घरी. वाटेत सतरा वेळा त्यांचा फोन लावला. सतराही वेळा तीच बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही.

काकूंनी दार उघडलं. त्यांनी माझा चेहरा बघितला. काठी टेकत खुर्चीपर्यंत गेल्या, बसल्या, मग म्हणाल्या, “सांग.”

मी सांगितलं. जेवढं ठाऊक होतं तेवढंच. काकू ऐकत होत्या आणि काठीच्या मुठीवर अंगठा घासत होत्या. पलंगावर एक नवीन स्वेटर घडी करून ठेवला होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

सव्वासहाला पुन्हा फोन. मी स्पीकर लावला. मागून बरीच माणसं एकदम बोलत होती. कुणीतरी ओरडत होतं, “अहो, आमची आई पलीकडे बसलीय, अंधार पडतोय. तोडा ना ते कुलूप. तो बाबा विसरून गेला असेल.”

काकूंचा अंगठा थांबला.

मुख्य चालक त्या माणसाला म्हणाला, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, “विसरले असतीलही. पण ते कुठे आहेत हे मला कळलेलं नाही. कुलूप लटकतंय तोवर माणूस आत आहे असंच मी धरणार. तुमच्या आईला चहा, ब्लँकेट सगळं पाठवतो. खिंडीतून दोन माणसं गेलीत. पण चाक फिरणार नाही.”

“तुमची नोकरी घालवीन मी.”

“घालवा. उद्या सकाळी ऑफिस दहाला उघडतं.”

मग तो आमच्याशी बोलू लागला. “मॅडम, दरीत कुणी नाही. वरची लोखंडी जाळी पुन्हा बघतोय. घरचं कुणी आहे का तिथे?”

“मी आहे,” काकू म्हणाल्या. “त्यांची बायको.”

“वहिनी, मी कुलपाला हात लावू देणार नाही. एवढंच सांगू शकतो.”

“एवढं पुष्कळ आहे,” काकू म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “माझ्या भावाच्या वेळी एवढंही कुणी म्हणालं नव्हतं.”

पुढचा पाऊण तास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते कळलं. काकूंनी एकदा उठून गॅसवर पाणी ठेवलं आणि पेटवायचं राहून गेलं. कॅलेंडरवरची फुलं तिथेच होती. मला ती यादी फाडून टाकावीशी वाटत होती. खोरं मी शोधलं, रोपवे मी शोधला, त्यांना तिथे जायला मीच फोन लावून दिला.

सात वाजून पाच मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. मिस्त्री दारात उभे. हातात रिकामा डबा, शर्टावर ग्रीसचा डाग.

“ही इथे कशी?” त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. “आणि तुम्ही दोघी अशा का बघताय?”

काकू हळूच म्हणाल्या, “अहो, कमरेला हात लावा.”

त्यांचा हात पट्ट्याकडे गेला. तिथे कुलूप नव्हतं. हात खिशात गेला. किल्ली होती. मी मिस्त्रींना रागावलेलं पाहिलंय, थकलेलं पाहिलंय. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते दाराच्या चौकटीला टेकले.

“चाकाचं रबर बघत होतो,” ते म्हणाले. “खाली बसचा हॉर्न वाजला. शेवटची बस. मागच्या शिडीने उतरलो आणि पळालो. फोनची बॅटरी तर सकाळीच...” आणि मग त्यांनी विचारलं, “तोडलं?”

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“मी मिस्त्री बोलतोय. घरी पोहोचलोय. चूक माझी आहे. तोडा कुलूप.”

पलीकडचा माणूस लगेच हो म्हणाला नाही. “तुम्हीच कशावरून? दुपारपासून चार जणांनी मीच मिस्त्री म्हणून फोन केलेत. इथली खोळंबलेली माणसं ओळखीच्यांना माझा नंबर देऊन तसं बोलायला सांगतायत. किल्लीवर काय आहे सांगा.”

मिस्त्रींनी किल्ली दिव्यासमोर धरली. “सात आकडा. त्याच्याखाली फुली. फुलीची एक रेघ लांब.”

“थांबा.” खडखड ऐकू आली. “कुलपावरही तेच आहे. रेघसुद्धा. आता तोडतो. तोडू ना?”

“तोडा. किती वेळ बंद होतं?”

“चार तास.”

“पलीकडे माणसं?”

“बेचाळीस. सव्वीस खिंडीतून उतरली. सोळा बसलीत, त्यांना आता आणतो.”

“तुम्हाला वाटलं नाही, म्हातारा विसरला असेल?”

“वाटलं ना. चार तास तेवढंच वाटत होतं.”

मिस्त्रींनी फोन मला परत दिला आणि तिथेच, दारातल्या पायपुसण्याशेजारी, खाली बसले. बराच वेळ किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

“पेनाचं काय निघालं, काका?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“पेन वहीला दोरीने बांधलेलं आहे. म्हणून एकच शाई. रिफिल तेवढी बदलतात.” त्यांनी किल्ली खिशात टाकली. “दोर चांगला आहे. ब्रेक चांगले आहेत. सगळं बघितलं. तरी येताना बसमध्ये ठरवत होतो की तुला ‘नाही’ असंच सांगावं. चांगला दोरही शेवटी माणसांच्याच हातात असतो.”

“मग?” काकूंनी विचारलं.

मिस्त्री त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, “डिप्लोमा, पेन आहे का? पेन्सिल नको.”

बुधवारी सकाळी काम वाटण्याआधी मिस्त्रींनी वर्कशॉपची वही उघडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्याच्या स्विचवर कुलूप विसरलो, चार तास यंत्र बंद, बेचाळीस माणसांचा खोळंबा, खाली सही. वायरमन तोंड उघडणार होता. मिस्त्री म्हणाले, “बोल, आज तुला परवानगी आहे.” तर तोच गप्प बसला.

रविवारी रोपवेच्या फलाटावर मुख्य चालक आमची वाट बघत उभा होता. माझ्या कल्पनेपेक्षा बराच लहान, पस्तिशीचा असेल. त्याने मिस्त्रींच्या हातावर कापलेलं पितळी कुलूप ठेवलं. “घ्या तुमचं. आणि आज वर चढायचं नाही हं, काका. आज फक्त बसायचं.”

पाळणा समोर येऊन हळू झाला. काकूंनी काठी माझ्याकडे दिली आणि दाराचा दांडा धरून आधी स्वतः चढल्या. मिस्त्री सवयीने वर दोराकडे, मग दाराच्या कडीकडे बघू लागले.

“अहो, बसा आता,” काकू आतून म्हणाल्या. “नाहीतर मी एकटी जाते.”