स्लॅबवरचं पाणी

आमच्या घरात सोनं कधी नव्हतं. होतं ते लोखंड. बाबा सेंट्रिंगचं काम करायचे. स्लॅब टाकण्याआधी खालून जो मांडव घालतात, लाकडी बल्ल्यांचे खांब आणि त्यावर लोखंडी प्लेटा, तो घालायचा आणि स्लॅब घट्ट झाला की सगळं खोलून पुढच्या कामावर न्यायचं. बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या प्लेटांवर मजुरी केली. मग दरसाल थोड्या थोड्या करत स्वतःच्या जमवल्या. एकाचा माल दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येक सेंट्रिंगवाल्याची एक खूण असते. आमची खूण हिरवा पट्टा. तो मारायचं काम आईकडे होतं. घराच्या दाराला रंग नव्हता, पण प्लेटांवर दरवर्षी नवा पट्टा चढायचा. "पोरीच्या लग्नात बी येवढी रंगरंगोटी व्हनार नाय," असं ती मला ऐकवून म्हणायची.

मी बारावीला होते त्या वर्षी जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. शहरात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याची मर्जी असली तर. बांधकामाला पाणी वापरायचं नाही असा हुकूम निघाला, पण तो निघाला नसता तरी कामं बंदच पडली होती. शहर आपल्या पायावर वाढतं असं शहरातल्या लोकांना उगाच वाटतं. बीड बायपासच्या पलीकडे जी घरं उठत होती, त्यांतली कितीतरी वैजापूर-गंगापूरकडच्या कापसावर उठत होती. तिकडे लागोपाठ दोन वर्षं बोंडं धरली नाहीत, आणि इकडे विटांचे ढीग जिथल्या तिथे राहिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मजूर अड्ड्यावर माणसं सकाळी जमायची आणि ऊन तापलं की घरी जायची. आमच्या गल्लीतला फरशी बसवणारा रिक्षा चालवायला लागला. गवंड्याने हातगाडीवर टरबुजं मांडली. त्याचं फाक कापणं मात्र गिलाव्यासारखं, एका मापात. सळई बांधणारे पुण्याला गेले. नळजोडणीवाल्याला तेवढे बरे दिवस आले, तर गल्लीने त्याच्यावर असा राग धरला, जणू दुष्काळ त्यानेच आणला होता. बाबांना यातलं काहीच करता येईना, कारण आमचं सगळं भांडवल दुसऱ्याच्या छताखाली अडकून पडलं होतं.

ते छत बायपासपलीकडच्या एका दुमजली इमारतीचं होतं. मालक कापसाचा व्यापारी. हुकूम निघण्याच्या जरा आधी पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला आणि मालक गायब झाला. फोन लागेना. स्लॅबला पहिले काही आठवडे पाणी पाजावं लागतं. वर सिमेंटचे छोटे बांध घालून आळी करतात आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. तसं केलं नाही तर स्लॅब वरून टणक दिसतो, पण आतून कच्चा राहतो. त्याच्या खालच्या बल्ल्या काढल्या तर तो उभा राहील की खाली येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. मालकाच्या इंजिनिअरने येऊन एवढंच सांगितलं, "पाणी दिल्याशिवाय खोलायचं नाही." पाणी कोण देणार, हे सांगायला तो काही थांबला नाही.

अशात बाबांना एक काम चालून आलं. दुष्काळात बाकी सगळं बंद असतं, पण पाण्याचे हौद बांधणं जोरात असतं. गंगापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाला जमिनीखाली मोठा हौद हवा होता. तिथला ठेकेदार म्हणाला, सगळा माल घेऊन या, अर्धामुर्धा चालणार नाही. आधी हौदाच्या बाजूच्या भिंती बांधून व्हायच्या होत्या, म्हणून त्याने थोडी मुदत दिली. हे काम मिळालं तर पावसाळ्यापर्यंत निभावलं असतं आणि पुढेही त्याच ठेकेदाराकडे कामं लागली असती. नाही मिळालं तर बाबा पुन्हा दुसऱ्याच्या प्लेटांवर. म्हणून आईने ठरवलं, मालक पाजत नाही तर आपण पाजू.

त्या इमारतीजवळून मोठी जलवाहिनी जायची आणि तिचा एक व्हॉल्व्ह गळायचा. आम्ही तिथे हंडे भरायचो आणि जिन्याने वर नेऊन आळ्यांत ओतायचो. येणारेजाणारे थांबून बघायचे. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "मानसाला प्यायला नाय आन तुमी भिताडाला पाजता?" आई हंडा खाली न ठेवता म्हणाली, "भिताडाला नाय बाई, माझ्या पोटाला पाजते." मला रस्त्यावरच्या लोकांची इतकी लाज वाटायची की ओढणीने तोंड बांधून मी हंडे वाहायचे.

त्याच सुमारास इमारतीत एक मेंढपाळ कुटुंब येऊन राहिलं. वैजापूरकडची माणसं होती. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि सुनेचं तान्हं पोर. मेंढरं बरीच विकली होती, थोडी उरली होती. व्हॉल्व्हच्या पाण्यासाठी थांबली आणि सावली बघून तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत शिरली. बल्ल्यांच्या गर्दीत चूल मांडली, आणि दोन बल्ल्यांना लुगडं बांधून पोराची झोळी केली. बाबा त्यांना काही बोलले नाहीत. मालकाला नाही त्याची काळजी आपण का करायची?

मग गळका व्हॉल्व्ह दुरुस्त झाला. आमच्या दारातली गटार वर्षानुवर्षं तुंबलेली असते, पण हे काम बघा कसं अगदी वेळेवर झालं. आता पाणी घरूनच न्यावं लागणार होतं. आईने वस्तीत घरोघर डबे ठेवले आणि तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मागून घेतलं. साबणाचा थेंब चालायचा नाही, सिमेंट खराब होतं. बायका हसायच्या, पण द्यायच्या. बाबा सायकलला दोन्हीकडे कॅन लावून संध्याकाळी ते पाणी नेऊन ओतायचे. आईला एकच समाधान होतं, की शेवटी सगळी आळी भरलेली दिसायची.

एकदा बाबांना ताप भरला म्हणून आई आणि मी सकाळीच कॅन घेऊन गेलो. आदल्या संध्याकाळी भरलेली मधली आळी कोरडी होती. बांध तुडवलेले, आणि सगळीकडे लेंड्या. जिना त्या मधल्या भागातच वर निघायचा. कोपऱ्यात अजून दोन मेंढरं तोंड खाली घालून पीत होती आणि म्हातारी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

आईने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. म्हातारी सगळं ऐकून घेत होती. आई दम घ्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "बाई, येवढं पानी नुसतं उन्हात पडल्यालं. मला वाटलं कुनाच्या बी कामाचं नाय."

"आगं, सिमिटाला लागतं ते!"

"सिमिटाला तहान लागती?" म्हातारीने खरोखरच विचारलं. मला हसू फुटलं आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की ते तिथेच विरलं.

म्हातारीचं तरी काय चुकलं? आयुष्यभर जिने पाण्याच्या वासावर जनावरं हाकली, तिला छतावर भरून ठेवलेलं पाणी दिसल्यावर ती दुसरं काय करणार होती? त्यात ते तांदळाचं पाणी. पण व्हॉल्व्ह बंद झाल्यापासून रोज रात्री हेच चाललं होतं. लेंड्या सकाळी चुलीसाठी गोळा व्हायच्या, आणि संध्याकाळी कोरडी आळी, फुटके बांध बघून बाबांना वाटायचं, हे उन्हाचंच काम. म्हणजे नेमका ज्या छताखाली त्यांची चूल होती, तेच छत त्यांनी तहानलेलं ठेवलं होतं. हे आईने त्यांना सांगितलं, तेव्हा सून वर बघत राहिली. त्यानंतर मेंढरं वर आली नाहीत. आम्ही उरलेले दिवस मधल्या भागाला जास्त पाणी दिलं, पण गेलेल्या दिवसांची तहान मागाहून भागत नाही, हे बाबांना माहीत होतं.

ठेकेदाराने सोमवारी माल आणायला सांगितलं. रविवारी सकाळी बाबा, त्यांचा एक जोडीदार, आई आणि मी खोलायला गेलो. आधी बाबा वर गेले आणि पहारीच्या बुडाने सगळा स्लॅब ठोकत फिरले. कडेच्या खोल्यांवर आवाज टणटणीत यायचा. मधल्या खोलीवर तो बद्द व्हायचा. त्यांनी वाकून नखाने खरवडलं तर पिठासारखी भुकटी निघाली. खाली येऊन त्यांनी कडेच्या खोल्या खोलायला घेतल्या. प्लेटा सुटून खाली पडत होत्या, त्यांच्या आवाजाने झोळीतलं पोर रडत होतं, आणि आई एकेक प्लेट हाताने पुसून रचत होती. कितीतरी दिवसांनी ती खुशीत होती.

दुपारपर्यंत मधली खोली तेवढी राहिली. सगळ्यात मोठी खोली तीच, निम्म्याहून जास्त माल तिच्याखाली. बाबा दारात उभे राहिले.

"खोला की," आई म्हणाली.

"आवाज बरा नाय."

"लगेच पडंल का?"

"लगेच नाय पडनार. पडंल का न्हाई तेबी सांगता येत नाय."

"मंग? आपन आपला माल नेऊ. छत मालकाचं, मालक बघंल. आन ह्यांला म्हनावं दुसरीकडं जावा."

"कुठं?"

आईने बाहेर हात केला. बाहेर प्लॉटच्या हद्दीचे दगड होते आणि मे महिन्याचं ऊन होतं. झाडाच्या नावाने बाभळीचं एक खुरट. ती माझी आई, वस्तीत कुणाचंही पोर आजारी पडलं तर रात्रभर बसणारी, ती बाबांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "त्यांनीच पाजलं ना मेंढरांला? त्यांच्याच डोक्यावर आलं तर त्यात आपला काय गुन्हा?" मला तिची भीती वाटली. पण तिला खोटी कसं म्हणू? त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक वेळची चूल पेटत नव्हती.

म्हातारीला एवढं कळलं होतं की आपण अडचण झालो आहोत. ती उठून झोळीची गाठ सोडायला लागली. म्हणाली, "तुमी खोला दादा. आमी तवर भाईर बसतो."

बाबांनी विचारलं, "मावशे, खोलल्यावर परत आत येता का?"

"परत न्हाई तर कुठं जाऊ, बाबा?"

 बाबांनी हातोडी उचलली. आईला वाटलं, आता बल्लीखालची लाकडी पाचर मारून काढतील. तिने प्लेट झेलायला हात पुढे केले. बाबांनी पहिल्या बल्लीखालची पाचर आणखी आत ठोकली. मग दुसरीखालची. अशी त्या खोलीतली एकेक बल्ली त्यांनी आवळून घट्ट केली, आणि झोळी बांधलेल्या दोन बल्ल्यांना वरून एक आडवी फळी जास्तीची मारली. आई दारातून निघून गेली आणि रचलेल्या प्लेटांवर तोंड फिरवून बसली.

सोमवारी ठेकेदाराने हातगाडीवरचा माल बघितला आणि म्हणाला, "एवढ्यात हौदाचा तळही झाकणार नाही." काम दुसऱ्याला गेलं. खोलून आणलेल्या प्लेटा काही दिवस दारात गंजत राहिल्या आणि मग भंगारवाल्याला वजनावर घातल्या. देण्याआधी आईने अंगणात बसून प्रत्येकीचा हिरवा पट्टा खरवडून काढला. बाबा पुन्हा दुसऱ्याच्या प्लेटा उचलायला लागले, आणि गुडघे गेले तोवर तेच करत राहिले.

पाऊस पडल्यावर मेंढपाळ न सांगता निघून गेले. बाबांना कळून ते उरलेल्या प्लेटा आणायला गेले, तर इमारत विकली गेली होती. नव्या मालकाच्या माणसांनी सगळं खोलून माल हलवला होता. "बिल्डिंग जशीच्या तशी घेतलीय," असं तिथला वॉचमन म्हणाला. बाबांनी भांडायला हवं होतं. ते भांडले नाहीत म्हणून मी त्यांच्याशी बरेच दिवस नीट बोलले नाही. मला त्या पळपुट्या मालकाचा राग होता, त्या इंजिनिअरचा होता, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त बाबांचा होता.

आता तिकडे वस्ती इतकी झाली आहे की ती इमारत शोधावी लागते. परवा आई-बाबांसोबत एका नातेवाइकाच्या घरी जाताना रिक्षा नेमकी तिच्यासमोरच अडकली. वर आणखी दोन मजले चढले आहेत. मधल्या खोलीची खिडकी उघडी होती; आत छताला पंखा फिरत होता आणि त्याखाली कुणीतरी जेवत होतं.

आई त्या छताकडे बघत होती. मग म्हणाली, "स्लॅब उभा हाय की वो. तवाच खोलला आसता तर?"

"उभाच ऱ्हायला आसता," बाबा म्हणाले. "पन तवा मला ते ठावं नव्हतं."

रिक्षा सुरू झाली. आईने पदर सारखा केला आणि बाहेर बघत म्हणाली, "मला तरी कुठं ठावं व्हतं? तरी मी खोला म्हनले."