विहिरीचा दोर वैजूच्या हातात

दुपारी पाठ टेकली की डोळा लागतो म्हणे लोकांचा. वैजयंताचा कुठला लागतोय! शेजारी तिची दहा वर्षांची दुर्वा, भिंतीकडे तोंड करून पडलेली. सेरेब्रल पाल्सीनं पोरीचे पाय जन्मापासून कात्रीसारखे आवळलेले. त्याची आता सवय झालीय. पण हे भिंतीकडे बघत पडणं नवं आहे. तिला विहिरीवर पोहायला नेणारे आजोबा, म्हणजे वैजूचे वडील तात्या, दिवाळीत गेले. तेव्हापासून ती ना हसते, ना धड जेवते. डॉक्टर म्हणाले, पाण्यात सोडा, खुलेल. सांगायला यांचं काय जातंय! वैजूला स्वतःला पोहता येत नाही. चिडता चिडताच तिच्या पापण्या जड होतात.

"ऊठ की गं, म्हशीसारखी पसरलीस," तात्या म्हणतात.

दारात उभे आहेत, ओल्या लंगोटावर. वैजू उठते ती थेट विहिरीच्या पायरीवर. पायरीला दवाखान्यातली पांढरी फरशी आहे, धरून चालायच्या सळ्या आहेत, आणि खाली हिरवं पाणी. पाण्यात दुर्वा. तिच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक वैजूच्या हातात. तात्यांची शिकवायची पद्धतच ती. घरचं माणूस वर दोर धरून उभं राहणार, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय तात्या पोराला खोल पाण्यात नेणार नाहीत.

दुर्वाचे पाय मोकळे झालेत. खदाखदा हसतेय गुलाम!

"बघ, पाण्यात कुणी पांगळं नसतं," तात्या म्हणतात. "दे मला."

"कुठं नेणार?"

"मी असतो तिथं. वर ठेवून तू तिचं काय करणार? रोज पाय ताणणार, रडवणार. उद्या तू म्हातारी झालीस की कोण धुणार तिला?"

"काय बोलताय तात्या! पोटची पोर आहे माझी."

"मग तुझ्याकडं बघून ती शेवटची कधी हसली, सांग."

वैजू आठवायला जाते, तर विहिरीचं तिचं स्वयंपाकघर झालेलं. पाणी ओट्याला लागलंय. ओट्यावर बसून तात्या घाईघाईनं भाकरी मोडतात.

"दमलीस गं वैजू," ते म्हणतात, आणि हे मात्र अगदी मायेनं. तिथंच घात होतो. "नेऊ?"

दोर हाताला काचतोय. किती वर्षं काचतोय!

"न्या," वैजू म्हणते. "न्या तिला, तात्या."

दोर सुटतो आणि, देवा रे, काय हलकं वाटतं तिला! लाज वाटावी इतकं. दुर्वा मागे वळूनसुद्धा बघत नाही.

मनगटात कळ येते आणि वैजू जागी होते. खिडकीत ऊन तसंच आहे. दुर्वा भिंतीकडून वळलीय, टक लावून बघतेय. तिची वाकडी बोटं वैजूच्या मनगटात रुतलीत, नखांपाशी रक्त आलंय.

"काय गं राणी? बडबडले का मी?"

दुर्वाला एकेक शब्द ओढून काढावा लागतो. "तू... म्हणालीस... तात्या, न्या तिला."

"अगं येडे, स्वप्न होतं ते," वैजू म्हणते. तिचा आवाज तिलाच खोटा वाटतो.

दुर्वा तिच्याकडं बघून हसते. दिवाळीनंतर पहिल्यांदा, तोंडभरून हसते.

"मग," ती विचारते, "आजोबा... कधी येणार?"